भिंतीपलीकडचा खोकला

मागच्या वर्षी आमचे मालक वारले तेव्हा नातीची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा महिन्यावर आली होती. दुपारी जेवून मधल्या खोलीत कॉटवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुःख झालं नाही असं मी म्हणणार नाही. पण माणसं मसणवटीतून परत आली आणि दारात पाय धुऊ लागली, तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की आता पोरीच्या अभ्यासाचं काय. हे वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. मी गेले असते तर त्यांच्याही मनात तेच आलं असतं.

आमचं घर शिवाजी पेठेत. पुढं एक खोली, मधे एक, मागं स्वयंपाकघर. पोरीचं टेबल मधल्या खोलीत. मयताच्या घरी माणूस येतं ते मधल्या खोलीतूनच आत येतं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि सगळी भावकी तिथून घरी आली. मग रोज कुणीतरी डबे भरून कडू घास, म्हणजे दुखवट्याचं जेवण, घेऊन यायचं. घेऊन आलेल्यांनाच जेवायला बसवायचं, म्हणजे परत ताटं आली, पाणी आलं, भांडी आली. पोरीची पुस्तकं गाद्यांच्या ढिगाखाली गेली. ती चहा द्यायची आणि कपबशा विसळायची. आयाबाया तिच्या गळ्यात पडायच्या. "तुला डॉक्टर झालेली बघायची हुती गं आबास्नी," म्हणून रडायच्या आणि रडून झालं की विचारायच्या, "मग, अभ्यास कसा चाललाय?"

थोडक्या मार्कांनी जागा हुकली. गल्लीतली एक बाई म्हणाली, "म्हाताऱ्यानं जाता जाता नातीचं वरीस खाल्लं." ही बाई ते दहा-बारा दिवस रोज दुपारी येऊन आमच्याकडं बसत होती. म्हाताऱ्यानं काही खाल्लं नाही. वर्ष खाल्लं ते बसायला येणाऱ्यांनी.

पोरगी पुन्हा परीक्षेला बसायचं म्हणाली. या वेळी मुलानं मनावर घेतलं. तो कचेरीत नोकरीला आहे, त्याला रेघा मारायची सवय आहे. एक मोठं कार्डशीट आणलं, फूटपट्टी घेतली आणि रविवारभर पालथा पडून पोरीच्या वर्षाचे तुकडे केले. बायोला हिरवा रंग, केमिस्ट्रीला पिवळा, फिजिक्सला तांबडा. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी चौथी शिकलेली, पण रंग कळायला शाळा लागत नाही. तांबडं लई होतं. अधूनमधून काही घरं पांढरी सोडली होती.

"ही पांढरी कसली?" मी विचारलं.

"राखीव. एखादा धडा मागं पडला, तापबिप आला, तर हाताशी असावीत."

"आणि कोण मेलं तर?"

सुनेच्या हातातलं लाटणं थांबलं. "आत्याबाई!"

"आई, जरा शुभ बोल की," मुलगा म्हणाला.

"मागल्या वर्षी सगळी शुभच बोलत हुती."

पोरगी हसली आणि लगेच हसायची थांबली.

"आपण सुतक पाळायचंच नाही," मुलगा म्हणाला. "आजकाल कोण पाळतंय?"

"तू नको पाळू. पावणं यायचं थांबणार हायत व्हय? का दारावर पाटी लावणार हाईस, अभ्यास चालू हाय, रडायला परीक्षा झाल्यावर या म्हणून?"

त्यानं कार्डशीट मधल्या खोलीच्या भिंतीवर चिकटवलं. आणि माझ्या पोटात भीती बसली ती त्या दिवसापासून.

भावकीत मरण्यासारखं कोण आहे, ते मी मनात बघितलं. दूरचं कुणी गेलं तर एक दिवस जाऊन येता येतं. घर भरतं ते घरातलं माणूस गेलं की. तशी दोनच होती. एक मी आणि दुसरे भावजी.

माझं मी मुलाला सांगून टाकलं. मला साखर आहे आणि गुडघे गेलेत. एवढ्यानं कुणी मरत नाही, पण सांगता येत नाही. "मला काय झालं तर पोरीला त्याच घटकेला जयसिंगपूरला मामाकडं धाडायची. तोंड बघायला सुद्धा थांबवायची न्हाय. रोज बघतीया ती माझं तोंड." मुलगा चिडून बाहेर निघून गेला. पण त्यानं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सुनेनं माहेरी फोन लावून, पोरीला कधी गरज पडली तर तिकडं अभ्यासाला खोली मिळेल का, असं गोल गोल विचारलं. का, ते सांगितलं नाही.

भावजी म्हणजे मालकांचे धाकटे भाऊ. वाटणी झाली तेव्हा घराच्या मधोमध एक विटेची भिंत घातली. तिच्या अलीकडं आम्ही, पलीकडं ते. जाऊबाई वारून बरीच वर्षं झाली, त्यांचा पोरगा पुण्याला. दोन वेळचा डबा आमच्याकडून जातो. नात त्यांना बारके आबा म्हणते. त्यांना दमा आहे. थंडी सुरू झाली आणि तो उसळला, पावलं सुजली, खोकला दिवसरात्र सुरू झाला. विटेच्या भिंतीला कितीशी जाडी असणार? खोकला आमच्याच खोलीत बसल्यासारखा ऐकू यायचा.

मग मी भावजींना ताब्यात घेतलं. पहाटे दूध आणायला निघाले की आधी त्यांच्या दाराशी उभी राहायची. आतून खोकला आला की पुढं जायची. नाही आला तर कडी वाजवायला हात उचलायची आणि हात वर जायचा नाही. आत काय असेल ते मला आधी कळायला नको होतं. मग बाहेरूनच हाक मारायची.

"भावजी, उठलासा का?"

"उठलोय की वैनी. आज बी हाय."

सकाळी मऊ भात आणि अंडं. संध्याकाळी, जमेल त्या दिवशी, मटणाचं अळणी पाणी वाटीभर, मिरं घालून. डॉक्टरकडं मी स्वतः रिक्षातून नेऊन आणायची. गोळ्या माझ्या समोर गिळायला लावायची आणि तोंड उघडून दाखवायला सांगायची.

"तालमीत हुतो तवा बी एवढा खुराक नव्हता," ते म्हणाले. "काय कुस्ती धरलीया व्हय माझी?"

"गप खावा."

"वैनी, खरं सांगा. मला परीक्षेपातूर ठेवायचं ठरलंय न्हवं?"

"ठरलंय. त्याच्या आधी जायाचं न्हाय."

"आणि मग?"

"मग तुमची मर्जी."

ते हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकल्याची उबळ झाली आणि मी तस्त धरून उभी राहिले. उबळ संपेना तेव्हा मला वाटलं, आता हसवून मीच मारते यांना.

एका पौर्णिमेला सुनेबरोबर नृसिंहवाडीला गेले. सून पादुकांसमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. पोरीला मार्क मागत असणार. मी मार्क मागितले नाहीत. ते पोरीचं काम आहे. मी भावजींचे मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंतचे दिवस मागितले. पुढचे मागायला संकोच वाटला, एका खेपेला किती मागायचं. येताना त्यांना कवठाची बर्फी आणली. "देवाला काय लाच दिली?" म्हणाले आणि सगळी बर्फी खाल्ली.

उन्हाळा लागला. परीक्षा जवळ आली तशी कार्डशीटवरची बरीच घरं फुल्या मारून संपली. पोरगी पाठ भिंतीला लावून बसायची. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडायची किंवा लसूण सोलायची. माझं काम कुणाला आत न सोडणं. गॅसवाला, वर्गणीवाले, सुनेच्या मैत्रिणी, सगळ्यांना मी उंबऱ्यावरूनच वाटेला लावायची.

तेव्हा पेठापेठांचे फुटबॉलचे सामने चालू होते. आमच्या पेठेचा संघ जिंकला की गल्लीतून हलगी यायची, फटाके फुटायचे, पोरं सायलेन्सरच्या पुंगळ्या काढलेल्या मोटरसायकली फिरवायची. कान फाटायची वेळ. पोरगी मान वर करायची नाही. मला बरं वाटायचं, हिचं लक्ष चांगलं लागलंय.

मग एक दिवस वेगळंच दिसलं. गल्ली शांत होती आणि पोरीचं पेन थांबलं होतं. डोळे पुस्तकावर, पण मान जरा तिरकी, भिंतीकडं. पलीकडून खोकला आला. पेन चालू झालं. मी त्या दिवशी लसूण सोलायचा सोडून तेच बघत बसले. खोकला आला की पेन चालायचं. बराच वेळ आला नाही की थांबायचं.

"काय ऐकतीयास?"

"काय न्हाय."

"अभ्यास कर."

"चाललाय की, आजी."

मला वाटत होतं, ही भीती मी एकटी वाहतेय. तीही वाहत होती. आणि तिच्याकडं तर भीतीसाठी कार्डशीटवर एकही घर नव्हतं.

त्यानंतर खोकला कमी होत गेला. मुलगा खूश झाला. "काकांना उतार पडलेला दिसतोय," म्हणाला. पहाटे मी दाराशी गेले की आतून "हाय, हाय" असा आवाज यायचा, पण खोल, तोंडात काही धरून बोलल्यासारखा. मी विचारलं तर म्हणायचे, झोप झाली नाही. इकडं पोरीचे सराव परीक्षेतले मार्क घसरले. एकदा घसरले, पुन्हा घसरले. मुलानं फूटपट्टी काढली, झोपेतला तासभर कापला आणि तिथं तांबडा रंग दिला. पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

आणि मग ती दुपार. जेवणं झाली होती. मुलगा कामावर, सून बाजारात. पलीकडून बराच वेळ काहीच आलं नव्हतं. मी तांदूळ चाळत होते, पण कशात काय आहे ते मला दिसत नव्हतं. पोरगी उठली.

"आजी, बारक्या आबांचा आवाज न्हाय."

"झोपले असतील."

ती तशीच उभी राहून माझ्याकडं बघायला लागली, तशी मी चाळण खाली ठेवली. "तू बस," म्हटलं, "मी बघून येते." आमच्या दारातून निघून त्यांच्या दाराशी जायला चार पावलं लागत नाहीत. ती पावलं टाकताना मी आधी काय करायचं ते ठरवत होते. दार लोटून घ्यायचं. ओरडायचं नाही. मुलाला फोन. पोरीला मागच्या दारानं काढून जयसिंगपूरच्या एसटीत बसवायचं. नंतर रडायला माणसं बोलवायची. हे सगळं मी चालता चालता ठरवलं आणि दार ढकललं.

भावजी कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसले होते. पांघरायच्या वाकळेच्या टोकाचा बोळा करून तोंडात कोंबला होता. दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता आणि खांदे आतल्या आत उडत होते. डोळे बाहेर आलेले, तोंड जांभळं. मी जाऊन वाकळ ओढली. सोडेनात. मी जोर लावून काढली.

"काय करायलाय हे? येड लागलं काय?"

त्यांना बोलता येईना. हातानं भिंत दाखवली. मग दोन शब्द आले. "पोरीचा... अभ्यास."

"कुणी सांगितलं तुम्हाला हे असं करायला?"

"कुणी न्हाय. डबा देताना पोरीचा बा म्हणाला, काका, टेस्ट चालू हायत. एवढंच." श्वास घेतला. "मला कळत न्हाय व्हय, वैनी? ही एवढी एवढी भिंत."

"खोका," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा वाकळेला हात घातला.

"खोका म्हणते न्हवं! मोठ्यानं! सगळ्या पेठेला ऐकू जाऊ दे!" मी त्यांच्या पाठीत बुक्क्या मारल्या. ते खोकले. थांबले असते तर बरं, असं मग मलाच वाटायला लागलं, इतके खोकले. तस्तात पडलं त्यात तांबडं होतं. मी मागं वळले तर पोरगी दारात उभी. किती वेळ होती कुणास ठाऊक.

रिक्षा तिनंच आणली. ती एका बाजूला, मी एका बाजूला, मधे भावजी. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्यावर ओरडले. कफ बाहेर पडायच्या ऐवजी आत साठलाय, छाती भरलीय, अजून एक-दोन दिवस काढले असते तर आणायची गरजच पडली नसती. त्यांना ठेवून घेतलं. पोरगी संध्याकाळपर्यंत त्यांच्या उशाशी बसली. तिला घरी जा म्हणायची माझी छाती झाली नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मुलगा कार्डशीटसमोर उभा होता. "आजचा अख्खा दिवस गेला," म्हणाला.

"गेला," मी म्हटलं. "आणि ते वर गेले असते तर किती गेले असते ते मोज त्याच तुझ्या फूटपट्टीनं."

"तसं नव्हे आई, पण हिनं कशाला तिथं बसायचं? आपण होतो की सगळी."

तेव्हा पोरगी बोलली. खाली बघूनच बोलली.

"बाबा, खोकला आला न्हाय की मला एक ओळ कळत न्हाय. आबा गेले तेव्हा मी ह्याच टेबलावर होते. ते झोपलेत असं मला वाटलं. उलट बरं वाटलं, शांत हाय म्हणून. मी एक अख्खा धडा वाचून काढला. त्यांच्याकडं पाठ करून."

मालक गेले त्या दुपारी ती घरी होती हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मधल्या खोलीत होती हेही ठाऊक होतं. वर्षभर आम्ही तिचे दिवस कुठं गेले ते शोधत होतो. पाहुण्यांनी खाल्ले, सुतकानं खाल्ले. तो एक धडा कुणी मोजला नव्हता.

मुलगा खाली बसला, रंगांचा डबा पुढं ओढला आणि म्हणाला, "ही पांढरी घरं उरलीत. काय लिहू सांग."

भावजी चार-पाच दिवसांनी घरी आले. डॉक्टरांनी वाफेचं मशीन द्यायला सांगितलं होतं, ते नाकातोंडावर लावून बसायचं असतं. पोरगी सकाळी आणि संध्याकाळी जाऊन ते लावायची. पांढऱ्या घरांत तेच लिहिलं होतं. तेवढा वेळ ती पुस्तक नेत नसे. परत आली की पाठ भिंतीला लावून बसायची. पलीकडं ते मन भरून खोकायचे. झोपेतला कापलेला तास मुलानं पोरीला परत दिला. मार्क कधी वर गेले, कधी खाली. माझी भीती गेली असं म्हणत नाही. पहाटे दाराशी मी उभी राहतच होते. फक्त आता घरात मला सोबत होती.

परीक्षा रविवारी दुपारी होती. पोरगी कानातलं काढून, साधे कपडे घालून निघाली. भावजींच्या पाया पडली. ते म्हणाले, "नीट लिही. हिकडची काळजी नको. मी हाय." मुलगा आणि सून तिच्याबरोबर गेले. मी भावजींच्या उशाशी स्टूल घेऊन बसले.

ती दुपार मला वर्षाएवढी गेली. पोरगी आत बसली असेल, पेपर वाटले असतील, आणि इकडं ह्यांना काही झालं तर? तिला आत कळणार नाही हे मला समजत होतं. पण भीतीला ते समजत नव्हतं. उन्हानं पत्रा तापला होता. भावजी छताकडं बघत पडले होते.

"वैनी, झाली का सुरू?"

"झाली असंल."

"म्हंजे मी आता मोकळा?"

"निकाल लागू दे."

"तसं ठरलं नव्हतं."

"आता ठरलं."

ते कुशीवर वळले आणि झोपले. इतके शांत झोपले, की मी दोनदा नाकाखाली बोट धरून बघितलं. मशीनची वाफ चांगली लागू पडली होती. छातीत घरघर नाही, काही नाही. मला ती शांतता सोसवेना.

किती मार्क पडतील ते मला ठाऊक नाही. हे लिहितेय तेव्हा निकाल लागायचा आहे. ती आत काय करून आली, ते तिलाही सांगता येत नाही. दिवस मात्र या वेळी पुरे मिळाले. त्यांवर माझा पहारा होता, म्हणून एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

ऊन कललं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी मुलाच्या गाडीचा आवाज ओळखू आला. मग पोरीच्या चपला. भराभर येत होत्या, आणि आमच्या भिंतीजवळ आल्या तशा हळू झाल्या. थांबल्या. ती बाहेर उभी राहून ऐकत होती.

भावजी गाढ झोपेत होते. मी त्यांना खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"खोका," म्हटलं. "पोरगी आली."